गाय फिकट दिसते म्हणून लोहाचं टॉनिक आणण्याआधी: खनिज मिश्रण नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

आमचा गोठा ठाण्यात, घोडबंदर रोडला ओवळ्याच्या आतल्या बाजूला. चार मुऱ्हा म्हशी, तीन एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गाई, एक गीर, आणि वासरं-पारड्या धरून बाकीची छोटी मंडळी. हल्ली मुरबाड-शहापूरकडे जागा घेऊन दोन गीर गाई बांधणारे बरेच झालेत, त्यातले ओळखीचे लोक विचारायला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "ताई, गाय मरगळलीये, डोळे पांढरे वाटतात, रक्त कमी झालंय, लोहाचं कुठलं टॉनिक आणू?" सुरुवातीला मीही हेच विचारायचे, आणि लाल रंगाची बाटली आणून महिनोन्‌महिने पाजायचे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मोठ्या जनावरात रक्त कमी होण्याचं कारण चाऱ्यात लोह कमी पडलं हे फार क्वचित असतं, आधी रक्त कुठे जातंय ते बघायचं आणि मग तांबं, कोबाल्ट, फॉस्फरस या बाजूला वळायचं, हा क्रम पक्का लक्षात ठेवा, तो उलटा केला की पैसेही जातात आणि जनावरही.

पहिली पायरी: डोळा उलटून बघायला शिका

सकाळी धार काढायच्या आधी, गोठ्याबाहेरच्या उजेडात, एका हाताने शिंगाजवळ किंवा मोरकीला धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालची पापणी हळूच खाली ओढा. आतलं मांस गुलाबी, ओलसर दिसलं पाहिजे. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, पांढुरकं कागदासारखं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि पिवळसर असेल तर कावीळ म्हणजे आत रक्तपेशी फुटतायत किंवा यकृताचं काहीतरी आहे, तेव्हा तर अजिबात थांबायचं नाही. म्हशीची कातडी काळी, बाहेरून काहीच कळत नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत पापणी आणि निरणाच्या (योनीमुखाच्या) आतली बाजू ह्या दोनच जागा खात्रीच्या. ट्यूबलाइटखाली बघू नका, सगळंच फिकट दिसतं आणि उगाच घाबरायला होतं.

एका जनावराला बघून काही कळत नाही, दावणीतली सगळी लागोपाठ बघा, म्हणजे कोण वेगळं दिसतंय ते लगेच डोळ्यात भरतं. मी दर रविवारी बघते आणि वहीत नुसतं "गुलाबी / फिकट / पांढरं" एवढं लिहिते.

डोळ्याबरोबर केसही बघा. काळ्या जनावराचे केस तांबूस, विटकरी पडायला लागले, डोळ्याभोवती केस उडून चष्मा घातल्यासारखं गोल दिसायला लागलं, तर तांबं कमी पडल्याची शंका घ्यायला जागा आहे. आमच्या एका पारडीचं असंच झालं होतं, सासरे म्हणायचे उन्हाने रंग उतरला असेल, पण ती तर दिवसभर सावलीतच बांधलेली असायची.

दुसरी पायरी: रक्त जातंय कुठे, ते आधी

आपल्याकडे जूनपासून जो पाऊस सुरू होतो त्यात गोचीड आणि जंत दोघांचीही चंगळ असते. रक्त पिऊन टम्म फुगलेली एक मादी गोचीड साधारण अर्धा ते एक मिली रक्त पिते, आता कासेजवळ, शेपटीखाली, कानाच्या आत हात फिरवून बघा किती लागतात ते, आणि तुम्हीच गुणाकार करा. वर गोचीड नुसतं रक्त पीत नाही, ती थायलेरिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा हे रक्तातले परजीवी सोडून जाते आणि ते थेट रक्तपेशींवरच उठतात. संकरित गाईंना थायलेरिया फार लवकर धरतो. जोराचा ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, खाणं बंद, आणि मग डोळे पांढरे, असं दिसलं तर मिनरल मिक्श्चरचा, म्हणजे खनिज मिश्रणाच्या पावडरीचा, विषयच बाजूला ठेवा.

हे एवढं ठासून लिहिण्याचं कारण आमची चंद्री. पहिल्या वेताची एचएफ गाय, दूध अचानक निम्म्यावर आलं, मी दुकानातून टॉनिक आणून आठ दिवस पाजत बसले, नवव्या दिवशी ती उठेना. डॉक्टर आले, कानाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन काचेवर पसरवलं, तपासलं तर थायलेरिया, हिमोग्लोबिन ५.८. त्यांनी थायलेरियावरचं बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन दिलं, पुढचे तीन आठवडे आम्ही तिला हाताने भरवलं, ती वाचली. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, "वहिनी, टाकीला भोक असताना तुम्ही वरून पाणी ओतत होतात." ते आठ दिवस अजून मनातून जात नाहीत.

जंतांचं पण तेच. नुसतं "तीन महिन्यांनी जंताचं औषध पाजतो" म्हणून भागत नाही, कारण भातखाचरात आणि डबक्याकाठी गोगलगाई असतात आणि त्यांच्यामुळे चपटे कृमी, म्हणजे पर्णकृमी, होतात, ते नेहमीच्या प्रत्येक औषधाने मरत नाहीत. शेणाचा नमुना छोट्या डबीत घेऊन दवाखान्यात द्या, कुठले जंत आहेत ते कळल्यावरच औषध घ्या. जनावर गाभण असेल तर तसं आवर्जून सांगा, काही औषधं गाभणपणात चालत नाहीत.

आता एक गोष्ट जी आपल्या ठाणे-नवी मुंबईकडेच जास्त होते. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून किंवा कल्याणच्या मार्केटमधून कोबी-फ्लॉवरचा पाला, खराब कांदा असं टेम्पो भरून स्वस्तात, कधीकधी फुकट मिळतं आणि नवीन माणसाला वाटतं हिरव्या चाऱ्याचा प्रश्न सुटला. थोडा पाला ठीक आहे. पण कोबीवर्गातल्या पाल्यात आणि कांद्यात गंधकाची अशी काही संयुगं असतात की ती पोटात गेल्यावर लाल पेशींवर हल्ला करतात, पेशी फुटतात, लघवी चहाच्या रंगाची होते. जनावरांमध्ये गाय कांद्याच्या बाबतीत खूप नाजूक, शेळी-मेंढी त्यामानाने जास्त सोसते. शिवाय कोबीचा पाला आयोडीनच्याही कामात आडवा येतो. त्यामुळे सडका कांदा गव्हाणीत ओतायचा नाही, आणि पाला द्यायचाच तर पेंढा-गवताबरोबर मिसळून, रोजच्या खाण्याचा लहान हिस्सा एवढाच.

आणि लाल लघवी कधीही दिसली, कुठल्याही कारणाने, तर तो त्याच दिवसाचा मामला आहे. आपल्या जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, नाहीतर १९६२ हा फिरत्या पथकाचा टोल फ्री नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

तिसरी पायरी: एकदा रक्त तपासून घ्या

नवीन जनावर विकत आणलं की पहिल्या पंधरवड्यात, आणि मिश्रण सुरू करायच्या आधी, एकदा तरी रक्त तपासा. सगळ्या दावणीचं जमत नसेल तर दोन फिकट दिसणारी आणि एक ठणठणीत अशी तीन निवडा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलेल्या रक्तावरून हिमोग्लोबिन, पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा हिस्सा किती टक्के ते) आणि पेशी कळतात, आणि त्याच वेळी काचपट्टीवर स्मिअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर, करायला सांगा म्हणजे परजीवी आहेत की नाहीत तेही कळतं. मोठ्या गाईत हिमोग्लोबिन साधारण ८ ते १५ आणि पीसीव्ही २४ ते ४६ टक्के ह्या मर्यादेत असतं. ८ च्या जरा वर असलेली भरपूर दुधाची गाय एकदम आजारी म्हणून धरू नका, पण ७ च्या खाली गेली की कारण शोधल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

तांबं, जस्त हे तपासायचं असेल तर वेगळी ट्यूब लागते, कारण साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून जस्त रक्तात उतरतं आणि रिपोर्ट चुकतो, तेव्हा डॉक्टरांना आधीच विचारा. सॅम्पल बर्फाच्या पाकिटाबरोबर थर्मासमध्ये न्यायचं, पण बर्फाला चिकटू द्यायचं नाही, गोठलं तर पेशी फुटतात. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पडलेलं सॅम्पल तपासून काही उपयोग नाही, सकाळी लवकर निघा.

एक लक्षात घ्या, रक्तातलं तांबं नॉर्मल आलं म्हणजे सगळं आलबेल असं नाही. जनावर तांबं यकृतात साठवून ठेवतं आणि रक्तातली पातळी त्या साठ्यातून सांभाळत राहतं, साठा जवळजवळ संपला की मगच रक्तातला आकडा पडतो. म्हणजे आकडा खाली आला तेव्हा गाडी रिझर्व्हला लागून बरेच दिवस झालेले असतात.

चौथी पायरी: कुठलं खनिज रक्तात काय करतं ते समजून घ्या

इथे जरा वेळ द्या, कारण हे कळलं की दुकानदार काय म्हणतो त्याने गोंधळायला होत नाही.

लोह तर सगळ्यांना माहिती आहे, हिमोग्लोबिन त्याच्याभोवतीच बांधलेलं असतं. पण आपल्या कोकणपट्टीच्या लाल मातीत लोह भरपूर, चाऱ्याबरोबर माती जाते, पेंढ्यातून जातं, बोअरच्या पाण्यातून जातं. बादलीला आतून तांबूस थर धरत असेल तर पाण्यातच लोह आहे असं समजा. मोठ्या गुरांना चाऱ्यातून दर किलो कोरड्या खाद्यामागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास लोह पुरतं आणि एवढं बहुतेक सगळ्या चाऱ्यात असतंच. उलट लोह जास्त झालं तर ते तांबं शोषू देत नाही. म्हणजे रक्त वाढावं म्हणून लोह ओतायचं आणि त्यानेच रक्ताचं दुसरं काम अडवायचं, असा प्रकार होतो. लोह खरंच कमी पडतं ते फक्त दुधावर वाढणाऱ्या वासरांना, कारण दुधात लोह अगदी थोडं असतं, आणि ज्यांचं रक्त गोचिडांनी-जंतांनी किंवा जखमेतून वाहून गेलंय त्यांना.

तांबं. मला विचाराल तर रक्ताच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित तेच. लोह यकृतात पडून असतं, पण तिथून उचलून हाडाच्या मगजात, जिथे नव्या पेशी तयार होतात तिथे न्यायचं तर सेरुलोप्लाझ्मिन नावाचं एक प्रथिन लागतं आणि ते तांब्यावर चालतं. तांबं नसेल तर कोठार भरलेलं आणि चूल थंड अशी गत. म्हणून तांबं कमी असलेल्या जनावराला कितीही लोह द्या, फिकटपणा हटत नाही. शिवाय केसांचा रंग, हाडं, माजावर येणं, ह्या सगळ्यात तांबं आहे. गाईला दर किलो कोरड्या खाद्यामागे १० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. मॉलिब्डेनम आणि गंधक दोन्ही जास्त असले की पोटातच तांब्याला बांधून टाकतात, त्यामुळे चाऱ्यात तांबं असूनही जनावराला मिळत नाही असंही होतं.

कोबाल्ट लागतं अगदी नखभर, किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या जवळपास. पण त्याच्यापासून पोटातले जिवाणू बी-१२ जीवनसत्त्व बनवतात आणि गाय ते वापरते, म्हणजे गाईला बी-१२ द्यायचं नसतं, तिच्या पोटातल्या कारखान्याला कच्चा माल द्यायचा असतो. कोबाल्ट नाही मिळालं तर आधी भूक मरते, जनावर चांगला चारा समोर असून वाळत जातं आणि मागून रक्त कमी होतं. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियात गुरं-मेंढ्या चांगल्या कुरणात राहून झिजून मरत होत्या, तिथे आधी लोक लोहाचीच क्षारं देत होते आणि काही क्षारांनी गुण यायचा, काहींनी नाही, शेवटी कळलं की गुण लोहाचा नव्हताच, त्यात अशुद्धी म्हणून आलेल्या कोबाल्टचा होता. मला ही हकिगत फार महत्त्वाची वाटते, कारण आपण अजून तिथेच अडकलोय.

सेलेनियम लाल पेशींच्या आवरणाला सांभाळतं, व्हिटॅमिन ई बरोबर. कमी पडलं तर वार अडकणे, वासरांचे स्नायू कमजोर होणे हे जास्त दिसतं. पण याची गरज किलोमागे ०.३ मिलिग्रॅम एवढीच आणि विषारी होण्याची पायरी त्याच्यापासून फार लांब नाही, म्हणून सेलेनियमचं सुटं काहीही स्वतःच्या मनाने द्यायचं नाही.

जस्त कातडी, खूर आणि रोगप्रतिकारासाठी, लाल पेशींतल्या एका एन्झाइममध्येही असतं. जास्त झालं तर तेही तांब्याला ढकलून देतं. मँगनीज आणि आयोडीन रक्तापेक्षा माज, गर्भ आणि थायरॉइडच्या बाजूचे, त्यात आत्ता शिरत नाही.

फॉस्फरस सूक्ष्म खनिजात मोडत नाही पण म्हशीवाल्यांनी तो सोडून चालणार नाही. गाभणपणाच्या शेवटी किंवा व्याल्यावर काही आठवड्यांत म्हशीला ताप नसताना कॉफीसारखी लघवी होते, त्यात फॉस्फरसची कमतरता हे मोठं कारण. लाल पेशीला स्वतःचं आवरण टिकवायला ऊर्जा लागते, फॉस्फरस नसेल तर ती बनत नाही आणि पेशी फुटतात. इथे घरचा उपाय नाही, डॉक्टरच शिरेतून फॉस्फरस देतात.

आता आपला पेंढा. ठाणे जिल्ह्यात कोरडी वैरण म्हणजे भाताचा पेंढाच, तो पोट भरतो, पण त्यात फॉस्फरस कमी, कॅल्शियम जे आहे ते ऑक्झलेटमुळे नीट लागत नाही, तांबं-जस्त कमी, सिलिका भरमसाट. दरवर्षी एवढा पाऊस माती धुऊन नेतो, तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एकट्या पेंढ्यावर आणि रानगवतावर दुधाचं जनावर ठेवलं तर खनिज वरून द्यावंच लागतं, इथे मला तरी दुमत दिसत नाही. आणि पेंढा बुरशी आलेला असेल तर तो फेकाच, काळा पडलेला, वास येणारा पेंढा खाऊन म्हशींच्या शेपट्या, कान, खूर सडतात असा आजार आहे, तो मिनरलने भरून निघत नाही.

पाचवी पायरी: पाकीट वाचा

दुकानात गेल्यावर रंग बघू नका. पावडर लाल दिसते ती बरेचदा आयर्न ऑक्साइडमुळे, आणि ते जनावराला जवळजवळ लागतच नाही. "रक्तवर्धक" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे मिनरल मिक्श्चरसाठी आयएस १६६४ हे मानक आहे. त्यात मीठ नसलेल्या प्रकारात कॅल्शियम किमान २० टक्के, फॉस्फरस १२, मॅग्नेशियम ५, लोह ०.४, जस्त ०.८, मँगनीज ०.१२, तांबं ०.१, आयोडीन ०.०२६ आणि कोबाल्ट ०.०१२ टक्के असं धरलंय, फ्लोरिन मात्र ०.०७ टक्क्याच्या वर नको. हे आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि पाकिटाशी ताडून बघा. फॉस्फरस महाग असतो, म्हणून स्वस्त मालात पहिली काटछाट तिथेच होते, कॅल्शियमची नुसती पांढरी पावडर म्हणजे मिनरल मिक्श्चर नव्हे.

तांबं कुठल्या रूपात आहे तेही बघा. कॉपर सल्फेट लागतं, कॉपर ऑक्साइडची पावडर फारच कमी लागते. "चिलेटेड" म्हणजे खनिज अमिनो आम्लाला वगैरे बांधलेलं, ते शोषायला बरं, लोहाच्या-गंधकाच्या अडथळ्यातून जास्त निसटतं, पण महाग. रोजच्या दावणीला साधं पण पूर्ण मिश्रण, आणि जास्त दुधाच्या किंवा वारंवार उलटणाऱ्या (भरवूनही गाभण न राहणाऱ्या) गाईला चिलेटेड, असं मी करते.

चाटण वीट टांगली म्हणजे झालं असं नका समजू. कुणी दिवसभर चाटतं, कुणी तोंड लावत नाही, कुणाला किती गेलं याचा हिशेब लागत नाही, आणि काही विटा नुसत्या मिठाच्याच असतात.

सहावी पायरी: मोजून द्या

हाताची मूठ हे माप नाही. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, एकदा ५० ग्रॅम मोजा, ते ज्या वाटीत बरोबर बसतं त्या वाटीवर मार्करने रेघ मारा आणि ती वाटी गोठ्यातच ठेवा. साधारण प्रमाण असं: लहान वासराला २० ते २५ ग्रॅम, कालवड-पारडी आणि आटलेल्या जनावराला ५०, दुधाच्या जनावराला १०० आणि दूध फार जास्त असेल तर २०० पर्यंत. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा, कारण प्रत्येक मिश्रणाची तीव्रता वेगळी.

हिशेब कसा बसतो ते एकदा करून बघा. गाय दिवसाला १२ किलो कोरडं खाद्य खाते असं धरा, किलोमागे १० मिलिग्रॅमने तांबं लागतं १२० मिलिग्रॅम. मिश्रणात ०.१ टक्का तांबं म्हणजे १०० ग्रॅममध्ये १०० मिलिग्रॅम. उरलेलं चारा आणि पेंडीतून येतं. म्हणजे १०० ग्रॅम ठीक बसतं, आणि "रक्त कमी आहे ना, मग डबल देऊ" म्हणून २५०-३०० ग्रॅम ओतायची गरजच नाही. तुम्ही गोळी पेंड देत असाल तर तिच्यात आधीच खनिजं घातलेली असतात, ती धरून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.

आंबोणात, म्हणजे भुसा, सरकी पेंड, चुनी, मका भरडा जे काही तुम्ही देता त्यात नीट कालवून द्या, पाण्याच्या टबात टाकू नका, तळाला बसतं. पहिले दोन-चार दिवस चिमटीभरच घाला, मग आठवडा-दहा दिवसांत पूर्ण डोसवर या, चव आवडली नाही तर आंबोण सोडून देतात. गुळाचा खडा घातला की बरं जातं. आमची गीर फार चोखंदळ, तिला पंधरा दिवस लागले. सकाळ-संध्याकाळ असं अर्धं अर्धं दिलं तर जास्त चांगलं. मीठ वेगळं, मोठ्या जनावराला दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास, आणि मिठागरातलं खडे मीठ वापरत असाल तर त्यात आयोडीन घातलेलं नसतं एवढं ध्यानात ठेवा.

रोज देता येणार नसेल तर सुरू करून थांबवू नका. शनिवार-रविवारी फार्मवर जाणाऱ्यांची इथे गोची होते, आपण गेलो की दोन दिवस जोरात आणि मग पाच दिवस काही नाही. गोठा सांभाळणाऱ्या दादांना वाटी आणि रेघ दाखवा, भिंतीवर कॅलेंडर लावा, रोज फुली मारायला सांगा.

साठवण सोपी आहे: प्लास्टिकचा झाकणाचा ड्रम, जमिनीपासून वर, लोखंडी डब्यात नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत गोळे होतात, म्हणून दोन महिन्यांपुरतंच आणा.

ह्या चुका नकोत

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, ते खुरं धुवायला आणून ठेवलेलं असतं, आणि कुणीतरी सांगतं की त्याची चिमूट आंबोणात टाकली की जंत मरतात, तांबंही मिळतं. कृपा करून करू नका. तांबं यकृतात साठत जातं, महिनोन्‌महिने काही कळत नाही, आणि एक दिवस जनावरावर ताण आला, लांबचा प्रवास झाला किंवा उपासमार झाली की तो साठा एकदम रक्तात सुटतो, लाल पेशी धडाधड फुटतात, कावीळ, लाल लघवी, आणि मग वाचणं कठीण. तांब्याच्या कमतरतेनेही रक्त जातं आणि अतिरेकानेही. हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, तेही असंच अंदाजाने द्यायचं नाही.

गाईंबरोबर दोन-चार मेंढ्या पाळल्या असतील तर गाईचं मिश्रण त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका, मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही, गाईचा साधा डोससुद्धा तिला हळूहळू मारतो. शेळी तिच्यापेक्षा बरी, तरी तिचं मिश्रण वेगळंच आणा.

व्यायला तीन आठवडे उरले की जास्त कॅल्शियमचं मिश्रण चालू ठेवायचं का ते डॉक्टरांना विचारा, तेव्हा कॅल्शियमचा मारा केला तर व्याल्यावर मिल्क फीवरचा, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून जनावर आडवं पडण्याचा, धोका वाढतो. मात्र त्याआधीच्या गाभणपणात सूक्ष्म खनिजं सोडू नका. पोटातलं वासरू आईच्या साठ्यातून तांबं घेऊन स्वतःच्या यकृतात भरून ठेवतं, कारण जन्मल्यावर दुधातून त्याला ते फारसं मिळणार नसतं.

सातवी पायरी: वाट बघा आणि लिहून ठेवा

गाईची लाल पेशी साधारण पाच महिने जगते. म्हणजे आज मिश्रण सुरू केलं तर रक्त सगळं बदलायला तेवढा काळ जाणार, आठ दिवसांत डोळे लाल होतील ही अपेक्षा ठेवून कुणी पावडर बदलत बसू नका. भूक आणि तरतरी दोन-तीन आठवड्यांत फरक दाखवते, हिमोग्लोबिन दीड-दोन महिन्यांनी तपासलं तर वर सरकलेलं दिसतं, केस मात्र जुने गळून नवे येईपर्यंत रंग बदलत नाहीत. माज नीट दिसायला, उलटणं थांबायला आणखी वेळ.

दोन महिने मोजून देऊनही पापणी फिकटच राहिली तर डोस वाढवायचा नाही, परत दुसऱ्या पायरीवर यायचं: गोचीड, शेणाची तपासणी, स्मिअर, आणि मार्केटचा पाला चालू आहे का ते.

वहीत मी एवढंच लिहिते: कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे, तारीख, पापणी, दूध, हिमोग्लोबिन असेल तर ते, आणि मिश्रण कधी सुरू केलं. चंद्रीच्या पानावर जुलैत ५.८, सप्टेंबरच्या शेवटी ८.१, डिसेंबरात ९.६ असं लिहिलंय. त्या तांबूस पडलेल्या पारडीचं रक्त मी तपासलं नव्हतं, पण जंताचं औषध आणि रोजचं मिश्रण चालू केल्यावर चौथ्या महिन्यात मानेवर नवे काळे केस आले, मग पाठीवर, आणि शेपटीचा गोंडा सगळ्यात शेवटी.

सुरुवात पावसाळ्याआधी, मे महिन्यात करता आली तर उत्तम. तेव्हा हिरवं काहीच नसतं, जनावरं सगळ्यात रोडावलेली असतात, आणि जूनमध्ये गोचीड चढायच्या आधी अंगात थोडं रक्त जमा झालेलं असलं की पुढचे चार महिने ती बऱ्यापैकी तग धरतात.